मानाच्या पायघड्या

ज्येष्ठ सरत आला की आपले कान आपोआप पाटसच्या रस्त्याकडे लागतात. मृगाने एखादी सर शिंपडलेली असते किंवा नुसतीच हूल दिलेली असते, बांधावर बाजरीच्या पेरणीची बोलणी चाललेली असतात, उसाला कालव्याचे पाणी कधी मिळणार ही काळजी मनाच्या एका कोपऱ्यात ठाण मांडून असतेच; पण या सगळ्यावर मात करीत लांबून टाळांचा एक नाद येऊ लागतो आणि घराघरातल्या हालचालींना वेगळी लगबग येते. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी रोटीचा घाट चढते, उंडवडी गवळ्याची इथे विसावते आणि पुढच्या मुक्कामाला बारामतीत शारदा प्रांगणात येते. त्या रात्री बारामतीत चूल वेळेवर विझत नाही. कोणी भाकरी-पिठले घेऊन निघते, कोणी सुजलेल्या पायांना तेल लावत बसते, कोणी रस्त्याच्या कडेला बसून तुटलेल्या चपलांना टाके घालते, आणि यातल्या कोणालाही आपण हे का करतो असा प्रश्न पडत नाही. तो पडू नये इतके ते आपल्या अंगवळणी पडलेले आहे.

दुसऱ्या दिवशी पालखी काटेवाडीला येते. तिथे जे घडते ते आपण लहानपणापासून पाहत आलो, तरी यंदा जरा थांबून, नव्या डोळ्यांनी पाहू या. गावात पालखीच्या वाटेवर परीट समाजाची माणसे उभी असतात. त्यांच्या हातांवर धुवून, नीळ देऊन, नीट घड्या घातलेली पांढरी धोतरे असतात. घडी उलगडते, धोतर डांबरी रस्त्यावर पसरते, त्याच्या टोकाला दुसऱ्या धोतराचे टोक भिडते, आणि काळ्या रस्त्यावर एक शुभ्र वाट तयार होते. पालखी त्या वाटेवरून जाते. खांदेकऱ्यांच्या ओल्या, धुळीने माखलेल्या पावलांचे ठसे त्या पांढऱ्यावर उमटत जातात, आणि धोतर अंथरणारा माणूस वाकून त्याच ठशांवर कपाळ टेकवतो. मग धनगर बांधव मेंढ्या घेऊन येतात. शेकडो मेंढ्या एकमेकींच्या अंगात अंग घालून पालखीच्या रथाभोवती धावू लागतात, लोकरीचा एक राखाडी भोवरा फिरतो, खुरांचा तो दबका, एकसारखा आवाज टाळांच्या खालून ऐकू येत राहतो. कळपाला रोगराई होऊ नये ही त्यामागची श्रद्धा. बेलवाडीला अश्व धावतात, इंदापूरला धावतात. काटेवाडीला मात्र मेंढ्या धावतात.

आता कल्पना करा, की गर्दीत एक परका माणूस उभा आहे. त्याला मराठी येत नाही, वारी ठाऊक नाही. तो काय पाहील? कदाचित म्हणेल, ही भाबडी माणसे आहेत. जनावरे गोल फिरवल्याने कुठे रोग जातो? दुसरा, जरा अधिक शिकलेला परका, धोतरांकडे पाहून अस्वस्थ होईल. त्याला दिसेल की कपडे धुणाऱ्या जातीनेच कपडे अंथरायचे, मेंढरे राखणाऱ्यांनीच मेंढरे आणायची. प्रत्येकाने आपल्या जातीचे काम देवाच्या पायाशीही करायचे. ही भक्ती की बलुतेदारीची उजळणी? आणि आपण त्या धोतरवाल्या काकांना विचारले, तर ते एका शब्दात उत्तर देतील : मान. हा आमचा मान आहे.

या तिघांत बरोबर कोण?

हा प्रश्न वाटतो तितका गावाकडचा नाही. मानवशास्त्र नावाची विद्याशाखा गेली शंभर वर्षे नेमक्या याच प्रश्नाशी झगडते आहे. प्रश्न तर त्याहूनही जुना. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वी एक हकीकत लिहून ठेवली. पर्शियाच्या दरायस राजाने दरबारातल्या ग्रीकांना विचारले, किती धन दिले म्हणजे तुम्ही मेलेल्या बापाचे मांस खाल? ते हादरून म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्याने बाप मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या एका भारतीय टोळीच्या लोकांना विचारले, किती घेऊन तुम्ही त्याला अग्नी द्याल? ते किंचाळले, असले अभद्र बोलू नका. ज्याला त्याला आपली रीतच सर्वांत शहाणी वाटते. हकीकत खरी असो वा रचलेली, त्या दरबारात आरशासारखी उभी केलेली माणसे आपल्या भूमीतली होती, याची मौज वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रांझ बोआस या जर्मनीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या अभ्यासकाने या जुन्या शहाणपणाला शास्त्राची शिस्त दिली. त्याच्या आधीचे पंडित जगातल्या समाजांची उतरंड लावत : रानटी तळाला, युरोप शिखरावर. बोआस म्हणाला, प्रत्येक रीत तिच्या स्वतःच्या समाजात ठेवून पाहा, तिचा अर्थ तिथल्या माणसांकडून शिका, आपली मोजपट्टी आधी खाली ठेवा. यालाच पुढे सांस्कृतिक सापेक्षतावाद असे जड नाव मिळाले. नाव जड असले तरी गोष्ट आपल्या आजीला ठाऊक होती. सून दुसऱ्या गावची आली, तिच्या माहेरी आमटीत गूळ घालत असतील तर घालू दे, एवढा समंजसपणा तिच्यात होता.

मोजपट्टी खाली ठेवणे किती अवघड असते, हे एका मराठी बाईने फार जवळून पाहिले. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. हेच पुढे नाझींच्या वंशविचाराचे मोठे शास्त्रीय आधारस्तंभ ठरले. माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला असमतोल आणि वंश यांचा काही संबंध लागतो का, हा इरावतीबाईंच्या संशोधनाचा विषय. मोजमापे करून इरावतीबाईंनी निष्कर्ष मांडला, की असा संबंध दिसत नाही. परक्या देशात, आपल्याच गुरूच्या गृहीताविरुद्ध, एका पंचविशीच्याही आतल्या मुलीने हे लिहिणे याला केवळ विद्वत्ता पुरत नाही. मोजमापाची साधने त्यांनी पुढेही टाकली नाहीत. महाराष्ट्रातल्या जातीजमातींची मोजमापे त्या आयुष्यभर घेत राहिल्या. पण त्यांच्याजवळ त्याहून मोठे साधन होते, ते म्हणजे चालणे. रानावनांत, वाड्यावस्त्यांवर आणि एका आषाढात पंढरीच्या वाटेवर त्या चालल्या. त्या वाटचालीवर त्यांनी लिहिलेला लेख ‘परिपूर्ती’ या १९४९च्या संग्रहात आहे. ज्या देशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सापडली, आणि आपल्या बारामती-इंदापूरच्या माणसाला तर ती व्याख्या म्हणजे स्वतःचाच पत्ता वाटावा.

पण त्याच लेखात त्यांची एक खंतही आहे, आणि ती आपण सोयीस्करपणे विसरतो. बरोबर चालणारे, बरोबर गाणारे, एकाच देवाकडे निघालेले ब्राह्मण आणि मराठे वारकरी जेवायला मात्र वेगवेगळे बसत. इरावतीबाईंना ते रोज टोचत राहिले. इथे क्षणभर थांबायला हवे. ही बाई मानवशास्त्रज्ञ होती. रीतीला आतून समजून घेणे हा तिचा धंदाच. पंक्ती वेगळ्या का, याचा इतिहास तिला कोणाहीपेक्षा अधिक माहीत होता. तरीही ‘ही त्यांची रीत आहे’ असे म्हणून ती पुढे गेली नाही. तिला वाईट वाटले, आणि ते तिने लिहिले. समजणे आणि वाईट वाटणे, या दोन्ही गोष्टी एका मनात नांदू शकतात, हे तिच्याकडून शिकण्यासारखे आहे.

समजून न घेता निवाडा करण्याचे फळ काय असते, ते आपल्या तालुक्यांना वेगळे सांगायला नको. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि भटकी जीवनरीत असलेल्या जमातींच्या जमाती जन्मतः चोर ठरवून टाकल्या. शिकार करणारा, पाल ठोकून राहणारा, आज इथे तर उद्या तिथे असणारा माणूस साहेबाच्या मोजपट्टीत बसत नव्हता, म्हणून त्याने हजेरी द्यायची, तारेच्या कुंपणाआड राहायचे. सोलापूरच्या सेटलमेंटच्या आठवणी अजून पुसल्या गेलेल्या नाहीत. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, पण पारध्यांच्या पालाकडे बघण्याची आपली नजर त्या तारखेला बदलली का? गावात चोरी झाली की संशयाचे बोट आधी कुठे वळते, हे आपण प्रामाणिकपणे आठवून पाहू या. संस्कृतीला तिच्या घरात जाऊन भेटा, हा मानवशास्त्राचा आग्रह अशा वेळी पुस्तकी राहत नाही. तो कोणाच्या तरी पाठीवरचा वळ वाचवतो. आपल्या शेजारच्या वीर-जेजुरीच्या परिसरात, धनगरांच्या वाड्यांवर, गुंथर सोन्थायमर नावाचा एक जर्मन अभ्यासक वर्षानुवर्षे येत राहिला. तो मराठी शिकला, धनगरांच्या ओव्या ऐकत बसला, बिरोबा-म्हसकोबा-खंडोबाच्या वाटा त्याने धुंडाळल्या. आपण ज्यांना मेंढरांमागचे अडाणी समजत होतो, त्यांच्या तोंडी केवढे वाङ्मय आहे, हे त्याच्या कामाने आपल्याला नव्याने दाखवले. इतके ऐकून घेतल्यावर काटेवाडीच्या मेंढ्या नुसत्या जनावरांचा घोळका उरत नाहीत.

मग मोजपट्टी खाली ठेवली ती कायमचीच ठेवायची का? इथे वाद सुरू होतो, आणि त्या वादाचे सगळ्यांत विलक्षण वर्ष १९४७ हे आहे.

दुसरे महायुद्ध संपले होते, संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने, बोआसच्या शिष्यपरंपरेतल्या मेलव्हिल हर्सकोविट्स यांच्या पुढाकाराने, त्या वर्षी एक निवेदन दिले. आशय असा, की हक्कांची एकच यादी साऱ्या जगाला लावताना सावध राहा. ती पश्चिमेची मूल्ये जगावर लादणे तर ठरणार नाही ना? माणूस आपल्या संस्कृतीतूनच माणूस होतो. तेव्हा संस्कृतींच्या वेगळेपणाचा आदर करा. साम्राज्यांनी जे केले ते पाहता ही भीती खोटी नव्हती. पण संघटनेच्याच ज्युलियन स्टीवर्ड या अभ्यासकाने लगेच विचारले, की मग हिटलरच्या जर्मनीचे काय करायचे? तीही एक संस्कृती म्हणून गप्प बसायचे का? पुढे पन्नासहून अधिक वर्षांनी, १९९९ साली, त्याच संघटनेने मानवी हक्कांच्या बाजूने नवी घोषणा स्वीकारली. मधली वर्षे या वादात गेली, आणि वाद आजही पुरता मिटलेला नाही.

आणि त्याच १९४७ साली, मे महिन्याच्या उन्हात, पंढरपुरात काय चालले होते? साने गुरुजी उपोषणाला बसले होते. विठ्ठलमंदिर हरिजनांना उघडे व्हावे म्हणून. आधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, लोकांची मने वळवली, आणि मग पंढरीत प्राण पणाला लावला. दहा दिवसांनी उपोषण सुटले, मंदिर उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेतले ते सज्जन विद्वान ज्याला ‘संस्कृती’ म्हणून हात जोडत होते, ती इथे चंद्रभागेच्या काठी स्वतःशीच भांडत होती. दाराशी अडवणारा बडवा म्हणत होता, ही आमची परंपरा. अडवलेला म्हणत होता, विठ्ठलही आमचीच परंपरा. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर नामदेव पायरीजवळ आहे. शतकानुशतके आपण तिच्यावर डोके टेकवून आत गेलो, आणि चोखोबांच्या जातीला आत येऊ दिले नाही. यातली कोणती गोष्ट आपली संस्कृती म्हणायची, डोके टेकवणे की अडवणे? सापेक्षतावादाची खरी अडचण मला इथे दिसते. एखाद्या समाजाचा आदर करा म्हणताना, त्या समाजातल्या कोणाचा आवाज आपण ऐकतो? बहुधा ज्याच्या हाती किल्ल्या असतात, त्याचा.

हे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत स्वच्छ कोणाला दिसले असेल, तर बाबासाहेबांना. आणि योगायोग पाहा, ते याच विद्येच्या वर्गात बसलेले होते. ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचला. गोल्डनवायझर हे बोआसचेच शिष्य. म्हणजे रीत आतून समजून घ्यायची ही शिस्त बाबासाहेबांनी उगमापाशी पाहिली होती. जात कशी चालते, हे त्यांनी शास्त्रज्ञाच्या थंडपणाने मांडले. पण ते त्या रीतीचे अभ्यासक जसे होते, तसे तिचा भार सोसणारेही होते. आणि ज्याच्या डोक्यावर ओझे आहे त्याला ‘हे ओझे तुमच्या संस्कृतीत फार अर्थपूर्ण आहे’ असे सांगून भागत नाही.

महार वतनाचे उदाहरण घेऊ. आपल्या जुन्या गावगाड्यात महाराला मान होते. होळीत होते, मरीआईच्या गाड्यात होते, जत्रेत होते. पाहणाऱ्याला वाटावे, काय सुंदर व्यवस्था, प्रत्येकाला आपली जागा! पण त्याच व्यवस्थेत मेलेले ढोर ओढणे होते, सरकारी टपाल घेऊन ऊनपावसात तालुक्याला पळणे होते, मयताची बातमी गावोगाव पोचवणे होते, आणि त्याच्या बदल्यात इनामी तुकडा व दारोदारची शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक आणले. कायद्याने ही वतने १९५८ साली गेली. त्याआधी आणि त्यानंतर, विशेषतः १९५६च्या धर्मांतरानंतर, गावोगावच्या माणसांनी मेलेली गुरे ओढायचे नाकारले, आणि ज्या गावाने त्यांना ‘मान’ दिला होता त्याच गावाने त्यांचे पाणी, पीठ, मजुरी बंद केली. त्या दिवशी उघड झाले, की तो मान नव्हता. जो ठेवून देता येत नाही, ठेवला तर शिक्षा होते, त्याला मान कसे म्हणावे?

मला वाटते, काटेवाडीच्या धोतरांकडे पाहण्याची खरी नजर इथून मिळते. त्या काकांच्या मुलाने उद्या म्हटले, की मी बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जातो, मला यंदा धोतर धरायला जमणार नाही. किंवा म्हटले, की आमच्याच जातीने का, यंदा सगळ्या गावाने अंथरावीत. आणि तरी गाव त्याच्याशी तसेच बोलत राहिले, त्याच्या बहिणीच्या लग्नाला तसेच गेले, तर तो मान खराच मान आहे, आणि परक्याने त्यात गुलामी शोधू नये. आणि तसे घडणार नसेल, तर ‘ही आमची संस्कृती’ हे वाक्य उच्चारताना आपली जीभ अडखळली पाहिजे. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७पासून लागू झाला; देशात असा स्वतंत्र कायदा करणारे आपले राज्य पहिले. त्याचा गाभा हाच आहे. जातपंचायतीने कोणती रीत पाळावी यावर तो बोट ठेवत नाही. न पाळणाऱ्याचे हुक्कापाणी तोडू नका, एवढे तो बजावतो.

अर्थात, ‘नाही’ म्हणण्याची सोय असावी म्हटले की लगेच पुढचा प्रश्न येतो : ज्याला ‘नाही’ म्हणताच येत नाही त्याचे काय? जेजुरी आपल्या शेजारची. खंडोबाला मूल वाहण्याचा नवस आपल्याच पणज्यांनी केला असेल, आणि त्यातून मुरळी होणारी पोर पाच-सहा वर्षांची असे. तिला कोणी विचारले नव्हते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे या प्रथेविरुद्ध झटले, आणि शिवराम जानबा कांबळे यांच्यासारखे पुण्यातले अस्पृश्य कार्यकर्ते आपल्याच समाजात उभे राहून झटले. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. खंडोबा राहिला, भंडारा राहिला, येळकोट राहिला. पोरी वाहणे गेले. देवाचे त्यात काही उणे झाले नाही.

आणि रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुंबईची मुलगी. नवऱ्याने नांदायला येण्यासाठी १८८४ साली दावा लावला, तेव्हा ती म्हणाली, हे लग्न मी समजून-उमजून केलेले नाही. १८८७ साली न्यायालयाने नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा म्हटले, तेव्हा ती तुरुंगाला तयार झाली. पुढे ती डॉक्टर झाली. १८९१ साली संमतिवयाचे विधेयक आले, दहाचे बारा वर्षे एवढीच काय ती वाढ, तीही कलकत्त्याच्या जेमतेम अकरा वर्षांच्या फुलमणीचा जीव गेल्यानंतर. आणि सारा महाराष्ट्र दुभंगला. आगरकर विधेयकाच्या बाजूने, टिळक विरोधात. टिळकांचे म्हणणे आपण आज घाईने उडवून लावतो. ते म्हणत होते, परक्या सरकारला आमच्या घरात कायदा करू देऊ नका. सुधारणा आमची आम्ही करू. त्यांनी सुधारकांपुढे स्वतःला बांधून घेण्याची कलमेही ठेवली होती. या म्हणण्यात स्वाभिमान होता, आणि गुन्हेगार जमातींचा कायदा करणाऱ्या सरकारविषयीचा अविश्वास अनाठायी नव्हता. पण ‘आमचे आम्ही पाहू’ म्हणण्यात आणि खरोखर पाहण्यात जो काळ जातो, त्या काळात किती फुलमणी मरतात, याचा हिशेब त्या युक्तिवादात नव्हता. आगरकरांजवळ तो होता. म्हणून, टिळकांविषयीचा सारा आदर ठेवून, या एका बाबतीत आपण आगरकरांच्या बाजूला उभे राहतो.

‘आमचे आम्ही पाहू’ हा शब्द खरा करून दाखवणारी गावेही आहेत, हे सांगताना ऊर भरून येतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षात, ठराव केला : नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने साऱ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवण्याचे परिपत्रक काढले. तिथे बाहेरून कोणी साहेब आला नव्हता. ज्या गावाने बांगड्या फोडल्या होत्या, त्याच गावाने हात आवरला.

आणि आपल्याला तर हेरवाडपर्यंतही जायला नको. या आठवड्यात रस्त्यावर नीट पाहा. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली ती म्हातारी, नऊवारीचा काष्टा वर खोचलेली, अनवाणी. तिच्या कपाळावर बुक्का आहे. तिचा नवरा आहे की नाही, हे बुक्का लावणाऱ्याने विचारलेले नसते. समोर येईल त्याच्या कपाळाला बोट लागते, आणि ती त्याच्या पाया पडते, तो तिच्या पाया पडतो. वारी तिला माउली म्हणते. हीच बाई पंढरीहून परत येईल, श्रावण लागेल, शेजारी हळदीकुंकू होईल, आणि तिला बोलावणे येणार नाही. दोन्ही रीती आपल्याच. दोन्हींमागे आपलेच पूर्वज. मग पंढरीच्या वाटेवर जे आपल्याला सहज जमते, ते घराच्या उंबऱ्याशी का जमत नाही? या प्रश्नाला परका मानवशास्त्रज्ञ उत्तर देऊ शकणार नाही. तो आपला आहे, आणि आपल्याच आयाबायांच्या डोळ्यांत पाहून सोडवायचा आहे.

आपल्या संविधानात नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची यादी आहे, १९७६ साली घातलेली, अनुच्छेद ५१ क. तीत दोन कलमे अगदी शेजारी-शेजारी बसली आहेत. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करणे, हे एका कलमाचे अखेरचे शब्द. आणि लगेच पुढचे कलम, आपल्या संमिश्र संस्कृतीचा समृद्ध वारसा जपणे. टाकणे आणि जपणे, एकापाठोपाठ एक, एकाच नागरिकाला सांगितलेले. ज्याने त्यातले एकच वाचले त्याने अर्धेच वाचले. घरातली जुनी ट्रंक उघडून बसलेल्या सासूसारखे हे काम आहे. पैठणी उन्हाला टाकायची, कसर लागलेले बाजूला काढायचे, आणि कोणते कसर लागलेले, हे लांबून कळत नाही, हातात घेऊन उलगडावे लागते.

पालखी पुढे जाईल. सणसरला मुक्काम होईल, बेलवाडीच्या माळावर अश्वांचे रिंगण होईल, टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी झुंबड उडेल. निमगाव केतकीच्या पानमळ्यांजवळून ती इंदापूरला पोचेल, तिथेही रिंगण धरले जाईल. मग सराटीला नीरेच्या पाण्यात तुकोबांच्या पादुकांना स्नान घातले जाईल, आणि पालखी पूल ओलांडून अकलूजकडे, सोलापूर जिल्ह्यात, आपल्या हातून निसटेल. दुसऱ्या दिवशी रस्ते एकदम रुंद दिसू लागतात, आणि घरात उगाचच शांत वाटते.

त्याच्याही आधी, काटेवाडीत, पालखी नजरेआड झाल्यावर, एक काम उरलेले असते. गर्दी पांगते, रस्त्यावर चुरमुरे आणि तुळशीची पाने विखुरलेली असतात. धोतरे गोळा करायची असतात. चिखलाचे, गुलालाचे, शेकडो पावलांचे डाग घेऊन ती एकेक उचलली जातात, झटकली जातात, खांद्यावर पडतात. घरी नेऊन ती भिजत घातली जातील, घासली जातील, आणि पुढच्या आषाढाआधी पुन्हा नीळ देऊन दोरीवर चढतील. यंदा त्या वेळी आपणही जरा मागे राहू या. उचलू लागू या. आणि चालता चालता काकांना विचारू या, की पुढच्या वर्षी कोण कोण येणार आहे धोतरे धरायला.